ग्लुकोजचे सात डबे

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. बायकोला दिवस गेले, तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी तिला पार झोपवलं, आणि ताथवड्यातली आमची सगळी भावकी एकेक करून ग्लुकोज पावडरचा डबा घेऊन हजर झाली. फ्रिजवर सात डबे जमले. त्यातले दोन संत्र्याच्या चवीचे.

आई दर तासाला पेला भरायची. "पी पोरी, तुझ्याच अंगात ताकद न्हाई तर बाळाला कुठनं मिळंल?" बायको निमूट प्यायची आणि निमूट ओकायची. जवळजवळ महिनाभर तिच्या पोटात धड घास टिकला नव्हता. डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आईनं डब्यांच्या मागे सरकवून ठेवल्या होत्या. पोटुशीनं गोळ्या खाल्ल्या की बाळाला बाधतात, हे तिचं ठाम मत. मीही त्या बाहेर काढल्या नाहीत. चाकणला कंपनीत दिवसभर लोकांवर ओरडून घरी आलं की आईशी वाद घालायला जीव उरत नाही.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. लाईनवर मी सुपरवायझर. वॉशर टाकायच्या आधी कुणी नट आवळला की माझा आवाज पार कँटीनपर्यंत जातो.

त्या आठवड्यात बायको माझ्यावर रुसलीय असं मला वाटायला लागलं. मी पाण्याचा ग्लास पुढे करायचो आणि तिचा हात ग्लासाच्या शेजारून हवेतच जायचा. बाथरूमला जाताना ती भिंत धरून, पाय फाकून चालायची. मी म्हटलं, अशक्तपणा आहे आणि वर नखरे. "ग्लास तरी नीट धर की गं," म्हणून दोनतीनदा खेकसलोसुद्धा. आठवलं की आजही लाज वाटते.

रविवारी सकाळी ती बाथरूमच्या दारातच कोसळली. माझी पाचावर धारण बसली. तिला उचलून गाडीत घातलं, आईला मागे बसवलं आणि सांगवीचं हॉस्पिटल गाठलं. आत शिरतानाच फर्मान सोडलं, "आधी ग्लुकोजची बाटली लावा."

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान. तिनं बाटली लावलीच नाही. बायकोच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून तिला त्याकडे बघायला लावलं, धरून चार पावलं चालवलं, किती दिवस पोटात अन्न नाही ते विचारलं आणि सिस्टरला म्हणाली, "आधी थायमिन. ग्लुकोज नंतर."

"अहो मॅडम, तिच्यात उभं राहायचं त्राण नाही आणि तुम्ही व्हिटॅमिन देत बसताय?" हा आवाज बहुतेक पार्किंगपर्यंत गेला असावा.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "साखर अंगी लागायला थायमिन लागतं, म्हणजे बी-वन. शरीरात त्याचा साठा थोडाच असतो, तो महिनाभराच्या उलट्यांत संपत आलाय. तशात नुसतं ग्लुकोज ओतलं तर उरलंसुरलंही खर्च होईल आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांवर आणि चालण्यावर परिणाम दिसतोच आहे."

ते 'काका' मला चांगलंच लागलं, पण क्रम कळला. आधी वॉशर, मग नट. ज्या चुकीवरून मी लोकांना झापतो तीच आम्ही घरात महिनाभर करत होतो, तीही संत्र्याच्या चवीत. मी बाजूला होऊन सिस्टरला वाट करून दिली.

आई मात्र हटेना. "बाळाला बाधलं तर?"

"नाही बाधत, आजी. जेवणातून मिळतं तेच हे. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. शिरेतून देताना क्वचित एखाद्याला ॲलर्जी येते, म्हणून सावकाश देतोय आणि सिस्टर इथंच थांबणार आहेत."

"व्हय का," आई म्हणाली, आणि औषध संपेपर्यंत सिस्टरला खेटून स्वतःही पहाऱ्याला उभी राहिली.

मी बाहेर बाकावर बसलो. खरं सांगतो, तेव्हा बाळाचा विचारही मनात नव्हता. ही मला होती तशी परत मिळेल ना, एवढीच भीती होती, आणि ती फार मोठी होती.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत बाळाचे ठोके ठीक निघाले. पाय ताळ्यावर यायला पुढे काही आठवडे लागले, पण डोळे त्याच संध्याकाळी निवळले. बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"आता एकच दिसताय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाच दिवस दोन-दोन दिसत होता. ग्लास नेमका कुठल्या नवऱ्याच्या हातात आहे तेच कळायचं नाही."

मला हसू फुटलं. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण दोघंही ओरडत होते."

मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून पुढे केला, आणि तिनं तो सरळ माझ्या हातातून घेतला.