बाळाला कुठे न्यायचं

बाळ दहा महिन्यांचं झालं आणि आमच्या घरात सुट्टीवरून भांडणं सुरू झाली. नवऱ्याचं म्हणणं, चिखलदरा. मी म्हटलं, घाटातल्या वळणांवर ते अंगावर ओकलं की कळेल तुला चिखलदरा. सासूबाईंचा फोन, की तान्ह्या लेकराला घेऊन कुठं भटकता, सरळ समुद्रपूरला या. सासरी जाणं ही सुट्टी असते असं त्यांना मनापासून वाटतं.

त्यातच माझा बाबा आला. आमचं गाव गडचिरोलीकडच्या जंगलातलं, गोंडांचं. एसटी बदलत बदलत तो बोरगावला आमच्या घरी पोचला आणि आल्या आल्या म्हणाला की नातवाला न्यायला आलोय. आमच्याकडे लेकरू पहिल्यांदा गावात आलं की त्याला घरोघरी फिरवतात आणि प्रत्येक घरी मांडीवर बसवतात. मग ते सगळ्या गावाचं झालं. पहिलं कुणाच्या मांडीवर, नंतर कुणाच्या, हे बाबाने प्रवासातच ठरवून टाकलं होतं. मला जायचंच होतं. नवरा मात्र "येऊ ना, मामाजी" म्हणायचा आणि पुन्हा मोबाइलवर चिखलदऱ्याची हॉटेलं बघायचा.

रविवारी दुपारी नवऱ्याचे दोन मित्र बायकांना घेऊन जेवायला आले. तिघंही एकाच लॅबमध्ये कामाला. पाटोडीची भाजी झणझणीत झाली होती, सगळे नाक पुसत जेवत होते आणि विषय सुट्टीचाच होता. बाबाचं गाव कळल्यावर एका मित्राने डोळे मोठे केले.

"काकाजी, तिकडं तं नक्षलवाले राह्यते ना? अन् तुमी लेकराले नेऊन राह्यले?"

"मले मालूम नाई," बाबा म्हणाला.

"आता कमी झाले म्हणते."

"मालूम नाई."

"तुमी कधी पाह्यले का?"

"नाई." बाबा मान खाली घालून भाकरी मोडत होता.

मित्राच्या बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसत होती. मला बाबाची लाज वाटली. चारचौघांत माझा बाप बावळट दिसत होता, आणि तो बावळट नाही हे मला दाखवून द्यायचं होतं. शिवाय गाव धोक्याचं ठरलं तर आमचं जाणंच बारगळलं असतं. मग काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी सांगितलं की मी लहान असताना बंदूकवाले आमच्या अंगणात जेवून गेले होते, कुणाच्या केसालाही धक्का न लावता. आईने भात टाकला. शेजारच्या काकीने कोंबडी दिली, तिच्या मुलाने त्यांना पुढची पायवाट दाखवली. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी बाबाला झाडाखाली बसवून मार मार मारलं, पण बाबा "मालूम नाई"च्या पुढे गेला नाही. हे मी चांगलं रंगवून सांगितलं. काकीचं नाव घेतलं, तिच्या मुलाचंही घेतलं. पाहुण्यांचे घास हातातच राहिले आणि मला बरं वाटलं.

"अरे बापरे!" तो मित्र म्हणाला. "माहा साळा तिकडंच पोलिसात आहे. सांगू का त्याले, वयनीनं केस सोडवली म्हणून?"

सगळे हसले. मीही हसले. बाबा अर्ध्या जेवणावरून उठला आणि हात धुवायला गेला.

काकी अजून आहे. तिचा मुलगा तिथेच शेती करतो, त्याची लेकरं शाळेत जातात. बाबाने मार खाल्ला तो कुठल्या बंदुकीसाठी नाही. आलेल्याला जेवू घालायचं आणि विचारणाऱ्यापुढे शेजाऱ्याचं नाव काढायचं नाही, एवढ्यावर आमचं गाव तगलं. एक नाव निघालं की दुसरं निघतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी शिकले, नोकरीला लागले आणि पाटोडीबरोबर ती नावं पाहुण्यांना वाढून मोकळी झाले.

सकाळी बाबाने पिशवी भरली. चार दिवस राहणार होता, पण थांबला नाही. मी बाळाला घेऊन त्याच्याबरोबर बसस्टँडवर गेले. ते लोक चांगले आहेत, कुणाला काही सांगणार नाहीत, असं मी गोंडीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दोघंच असलो की आम्ही गोंडीतच बोलतो. बाबाने बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं सारखं केलं आणि मला मराठीत उत्तर दिलं.

"लेकराले चिखलदऱ्याले नेजो. गावात येऊ नको."

"बाबा, चुकलं माझं."

तो माझ्याकडे बघत नव्हता. बस फलाटाला लागत होती, तिच्याकडे बघत होता.

"मले मारलं त्या दिवशी शिपायानं तुले बिस्किटाचा पुडा देलता," तो म्हणाला. "विचारे, काल घरी कोन आलतं? तू पुडा त्याच्या हातात वापस देला, पन बोलली नाई. तवा तू शाळेतबी जात नोती."