जोह्याचे आबा आणि त्यांची लिफ्ट

आबा कुठल्याही नव्या लिफ्टमध्ये स्वतः आधी चढत नसत. आधी गणपती जाई. एखाद्या कंपनीचा माणूस त्यांना पेणमधली आपली लिफ्ट दाखवायला घेऊन गेला, की आबा पिशवीतून अर्धवट सुकलेली शाडूची मूर्ती काढत, आत ठेवत आणि वरच्या मजल्याचं बटण दाबून चटकन बाहेर येत. मूर्ती खाली परतली की चष्मा पुसून तिची सोंड आणि बोटं न्याहाळत. केसाएवढा तडा दिसला, तरी म्हणत, "चहा घे नि नीघ."

मी तेव्हा रोह्यातल्या एका छोट्या कंपनीच्या लिफ्टा विकत असे. पेणजवळच्या जोहे गावात आबांचा गणपतींचा तीन मजली कारखाना होता. लिफ्ट हवी होती ती त्यांच्या बायकोसाठी, माईंसाठी. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी माईच करत, आणि तीही सगळ्यात वर, कारण खाली घासकामाची धूळ ओल्या रंगावर बसे. पण माईंचे गुडघे गेले. दोन कारागीर त्यांना खुर्चीत बसवून वर नेऊ लागले, तेव्हा त्या कडाडल्या, "मला काय विसर्जनाला नेताय?" त्यानंतर त्या वर जाईनात. खाली बसून मुकुटांना खडे चिकटवत. आबांना ते बघवत नसे.

तरी घाई करतील तर ते आबा कसले! एका परदेशी कंपनीचा माणूस म्हणाला, आमची लिफ्ट बिघडायच्या आधीच इंटरनेटवरून कंपनीला कळवते. आबांनी डोळे बारीक केले. "म्हंजे माझ्या घरात राहून ती बाहेर खबर देनार? अशी सून चालत नाय, लिफ्ट कशी चालंल?" पुढे हाच माणूस आणि मी पेणच्या स्टँडवर चहा पिताना त्यांना दिसलो. "गिऱ्हाईकापुढं भांडता, नि चहा एका टपरीवर? तुम्ही सगळे आतून एक!"

संशयातून मीही सुटलो नाही. एकदा न सांगता ते रोह्याला आले आणि आमची लिफ्ट असलेल्या इमारतीच्या जिन्यात सकाळभर बसून राहिले. लिफ्ट असताना जिना चढणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी अडवलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे त्यांचं म्हणणं आबांना पटलं नाही. ते त्यांच्यामागून थेट दारापर्यंत गेले.

शेवटी मला म्हणाले, "नवी असताना समदी मशीनं बरीच असतात. बिघडल्यावर येनार कोन? त्याचं तोंड दाखव." मी आमच्या मेकॅनिकला, दिनेशला, घेऊन गेलो. आबांनी त्याला जेवू घातलं. गाव कुठलं, सासुरवाडी कुठली, पितो का, सगळं विचारलं आणि मग सही केली. "ऑर्डर याला दिली, कंपनीला नाय." लिफ्ट सुरू झाली त्याच दिवशी माई वर जाऊन आखणीला बसल्या. आबा मात्र दिवसभर खाली दारापाशीच घुटमळत होते.

पुढच्याच वर्षी आमची कंपनी एका बड्या परदेशी कंपनीने विकत घेतली. दिनेशची नोकरी गेली, मी दुसरीकडे लागलो. नव्या मालकांनी सुधारणा म्हणून लिफ्टच्या मशीनमध्ये नवं इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवलं. कंपनीचा कोड टाकल्याशिवाय ते कार्ड कुणालाच दुरुस्ती करू देत नसे. गणपती तोंडावर आले आणि लिफ्ट बंद पडली. माई वरच्या मजल्यावरच होत्या. बिचारा दिनेश धावत आला, पण त्याच्याकडे कोड कुठला असणार? कंपनीच्या फोनवरचा गोड आवाज नुसता तक्रार क्रमांक विचारत राहिला.

निरोप मिळताच मी गेलो. शिव्या खायची तयारी ठेवली होती. आबा बंद दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मशीन तपासली, मानूस तपासला. उद्या तुमचा मालक कोन व्हनार, ते कसं तपासायचं व्हतं रे?" तेवढ्यात वरून माईंचा आवाज आला, "मला उतरवू नका! आखणी रायलीय!" कंपनीचा माणूस येईपर्यंत त्या वरच राहिल्या. त्याच संध्याकाळी आबा दोन उशा काखेत मारून जिना चढले.

आबा आता नाहीत. मी अजून लिफ्टाच विकतो आणि मला त्यांची फार आठवण येते. परवा रोह्यात एक बाई कागद न वाचताच सही करायला निघाल्या. म्हणाल्या, "तुम्ही सांगताय ना, मग झालं." मला धडकीच भरली. मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणालो, "ताई, आधी माझ्यावर थोडा संशय तरी घ्या."