मशीनला जागा सांगणारी डबी

भूकंपानंतर आम्ही गाव सोडून लातूरला आलो तेव्हा मी शाळेत होतो. वडील सुतार. पुनर्वसनाच्या घरांना दारं-खिडक्या करून त्यांनी आम्हाला वाढवलं. पुढे त्यांच्याच शेडात मी पाट्यांचं दुकान टाकलं. तोवर लातूर पार बदललं होतं. गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले होते आणि प्रत्येक सरांना दारावर उठावाची अक्षरं हवी होती. हातानं कापून बोटं दुखायची. म्हणून व्हिडिओ बघत, भंगारातली लोखंडी चौकट आणून, मी घरीच कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन बांधली.

मशीन चालली, पण आपण कुठं आहोत हेच तिला कळायचं नाही. कॉम्प्युटर मोटरला सांगतो, इतकी फीर. ती फिरलीच असं धरून तो पुढं जातो. पण कापणारं बिट जाड लाकडात अडकलं की मोटर नुसती गुरगुरायची, जागची हलायची नाही, आणि पुढचं अक्षर भलत्याच ठिकाणी कापलं जायचं. एका क्लासच्या पाटीवर ‘गणित’मधला ‘त’ सरळ ‘णि’च्या पोटात घुसला. मोठ्या कारखान्यांतल्या मशीनला जागा मोजणारी काचेची पट्टी असते. तिचा भाव विचारला आणि गुपचूप फोन ठेवला.

मग मला डिजिटल व्हर्निअर सुचलं, फिटर लोक जाडी मोजायला वापरतात ते, स्वस्तातलं. त्याच्या बारक्या झाकणाखाली आकडा बाहेर काढायची सोय असते. मी त्याचे जबडे कापले, पट्टी चौकटीला ठोकली, आकडा दाखवणारा भाग बिट धरणाऱ्या सरकत्या गाड्याला बांधला आणि तारा एका काळ्या डबीत नेल्या. आत छोटं सर्किट. बिटची मोटर सुरू झाली की आकडे उड्या मारायचे. जाळीचं वेष्टण असलेली वायर लावली तेव्हा ते शांत झाले. व्हर्निअरचा आकडा सावकाश येतो, म्हणून मशीन प्रत्येक अक्षरानंतर क्षणभर थांबे. डबी खरी जागा कॉम्प्युटरच्या हिशोबाशी ताडून बघे आणि फरक दिसला तर काम बंद करी. पाटी वाया जायची थांबली.

हे सगळं ज्याला समजून घ्यावंसं वाटलं असा एकच माणूस होता, माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नांदेडला त्याचंही पाट्यांचं दुकान, आणि माझ्यासारखीच घरी बांधलेली मशीन. त्याची मुलगी मेडिकलच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला होती. तिला भेटायला तो रविवारी यायचा, अर्धापूरची केळी घेऊन, आणि जेवण झालं की माझ्याजवळ शेडात येऊन बसायचा.

“भाऊ, लई डोकं हाय तुमचं,” म्हणायचा.

एवढं मन लावून माझं ऐकणारं मला तोवर कोणी भेटलं नव्हतं. मी त्याला एक डबी करून दिली, आतला प्रोग्रामही दिला. त्यानं महिनाभर फोन करून बारीकसारीक विचारलं. मग एकदा म्हणाला, “न्हाई जमली भाऊ. आकडे उड्याच मारून राहिले. ठेवून दिली माळ्यावर.”

मला वाईट वाटलं. काय चुकत असेल ते मी रोज दुपारी जेवताना, भाची क्लासला असताना, बायकोसमोर बोलायचो. ती भाजी वाढत म्हणायची, “होईल, होईल.”

उन्हाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी मी नवी डबी जोडत होतो. एरवी शेडाकडं न फिरकणारी भाची क्लासवरून आली, दारात थांबली आणि हसून म्हणाली, “काका, पप्पांची डबी तुमच्याकडं पण?”

“पप्पांची?”

“हाव. पप्पा विकतात की. पार बिलोली-देगलूरहून लोक येतात.”

तिनं मोबाइलवर दुकानातला फोटो दाखवला. काउंटरवर माझ्या डब्यांची रांग. वर लाल स्टिकर, त्यावर साडूच्या दुकानाचं नाव आणि खाली ‘आमचे स्वतःचे संशोधन’. पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. मी तिला चहा घे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नांदेड गाठलं. मी दुकानात शिरलो तसा साडू उठून उभा राहिला. माझी नजर काउंटरवर गेलेली त्यानं पाहिली.

“बसा भाऊ. वर्षभर तुम्ही नुसतं करून बघून राहिले. विकायचं कोणी? बाजार मी उभा केला.”

“मला विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर थांबा म्हणला असता.”

“म्हणून माळ्यावर ठेवली म्हणून सांगितलं?”

त्यावर त्यानं पोऱ्याला चहा सांगितला. चहा यायच्या आत मी निघालो.

घरी बायको गहू निवडत होती. म्हणालो, “दाजी डब्या विकतात.”

तिनं मान वर केली नाही. “हाव.”

“तुला ठाऊक होतं?”

“ताई दिवाळीत बोलली. म्हणली, पोरीची परीक्षा होऊ दे, मग सांगू. तुम्ही भांडला असता तर पोरगी कुठं गेली असती?”

दिवाळीपासून मी रोज ताटावर बसून दाजींची डबी का चालत नाही याचा विचार करत होतो, आणि ही समोर बसून ऐकत होती. मी उठून शेडात गेलो. काम काहीच केलं नाही. मशीनच्या चौकटीवर हात ठेवून उभा राहिलो.

पोरीला आम्ही कळू दिलं नाही. परीक्षेच्या दिवशी मीच तिला केंद्रावर सोडलं. नंतर साडू तिला न्यायला आला, पेढे घेऊन. सामान गाडीत ठेवून झाल्यावर हळूच म्हणाला, “भाऊ, गिऱ्हाईक ओरडून राहिलं. लाकडाचा भुसा आत जातो अन् पट्टी बंद पडते. तुम्ही काय करता?”

माझ्या पट्टीवर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून झाकण लावायचो.

“माहीत न्हाई,” म्हणालो.

गाडी गेल्यावर बायको म्हणाली, “सांगायचं होतं. आपलेच आहेत.”

मी आत जाऊन मशीन सुरू केली. लग्नाकार्यात आम्ही आजही भेटतो, पंगतीत तो वाढतो, मी घेतो. बायकोशी बोलणं-चालणं सगळं आहे. पण जेवताना शेडातल्या कामाचं मी तिला काही सांगत नाही, आणि तीही विचारत नाही.