दहा नंबर, जरा मोठ्यानं!

तळ्याकाठच्या ट्रिपचे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते स्टेशन वॅगनच्या सीटखाली चिवडा साठतो तसे आपोआप साठतात. एक काढायला हात घालावा तर मूठभर बाहेर येतात, आणि बहुतेकांत माझं नाव असतं. म्हणून सुरुवात अशा किश्श्यानं करतो, ज्यात माझा दोष फक्त अर्धा आहे.

दर ऑगस्टमध्ये नेपरव्हिलची आमची तीन मराठी घरं विस्कॉन्सिनच्या पार वरच्या जंगलात तंबू ठोकायला जातात. तिथं अस्वलं आहेत. म्हणून झोपायच्या आधी खायचं सगळं एका पिशवीत भरून दोरीनं उंच फांदीला टांगायचं. माझा दोस्त नितीन, सबनीस काकांचा मुलगा, इथंच जन्मलेला. तो सांगत होता की अस्वलाला म्हणे चिवड्याचा वास मैलभरावरून येतो. मी म्हटलं, मग तुझ्या पँटचा पण येणार, तू दुपारभर खिशातनंच खात होतास. हिंमत असेल तर पँट पण टांग.

"यू थिंक आय वोन्ट?" म्हणाला, आणि टांगली की येड्यानं!

सकाळी दोरी फांदीत अडकलेली. पिशवी वर, पँट वर. दुसरी पँट आदल्या दिवशी तळ्यात भिजलेली. शेवटी सगळा ट्रेल, म्हंजे जंगलातली पायवाट, नितीननं त्याच्या आईच्या, सबनीस काकूंच्या परकरात केला. समोरून एक म्हातारी अमेरिकन बाई आली, थांबली, त्याला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "लव्हली स्कर्ट, डिअर."

नितीननं थँक्यू म्हटलं. मॅनर्स आहेत त्याला.

*

सबनीस काका आमचे लीडर. ऑफिसात ते पूल डिझाइन करतात, त्यामुळे कुठलीही गोष्ट आता कोसळणार असंच त्यांना वाटत असतं. गळ्यात शिट्टी, हातात नकाशा, आणि दर वळणावर हजेरी. आम्ही माणसं अकरा. प्रत्येकाला नंबर. चालता चालता आपापला नंबर ओरडायचा.

माझा नंबर सात. दहा नंबर सबनीस काकूंचा. काकू डेन्टिस्ट आहेत, पण इतक्या हळू बोलतात की घरी फोन उचलला तर समोरचा माणूस राँग नंबर समजून ठेवून देतो. त्यामुळे दर वळणावर नऊनंतर सगळं थांबायचं आणि काका ओरडायचे, "दहा नंबर, जरा मोठ्यानं!" काकू परत तेवढंच पुटपुटायच्या. मग सगळ्यात मागून आजोबांचा आवाज यायचा. आधी घसा खाकरणार, मग खणखणीत, "अं हं... अकरा!"

आजोबा म्हंजे काकांचे वडील. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेत. नाशकात ते रोज एकटे नदीवर फिरायला जायचे. नेपरव्हिलमध्ये काका त्यांना एकट्यानं मेलबॉक्सपर्यंत पण जाऊ देत नाहीत. इथं जंगलात तर त्यांना झाडामागं जायचं असलं तरी काका बाहेर उभे राहून दर मिनिटाला विचारायचे, "अण्णा, आहात ना?"

एकदा आजोबा आतून म्हणाले, "नाही, गेलो मी."

काका पळत आत गेले.

*

काकांचा अजून एक नियम. हरवलात तर तीन शिट्ट्या मारायच्या. इकडच्या जंगलात तीन शिट्ट्या म्हंजे 'वाचवा'. हे त्यांनी आम्हा पोरांकडून पाठ करून घेतलं, पण माझ्या आईला सांगायला विसरले. आणि आईचा वरणभात तीन शिट्ट्यांत होतो.

तळ्यापलीकडून दोन दाढीवाले कनू वल्हवत आले. जीव तोडून. दोरी, फर्स्ट एडचा डबा, ब्लँकेट, सगळं घेऊन. बाबांना वाटलं आपण काही बेकायदेशीर केलं, ते खिशात ग्रीन कार्ड शोधायला लागले. आई शांत. तिनं त्यांना हातानंच बसा म्हणून सांगितलं, वाफ जाऊ दिली आणि दोघांना तूप घालून वाढलं.

दुसऱ्या दिवशी ते दोघं परत आले. शिट्टी व्हायच्या आधीच.

*

आता माझ्यावर येतो. मी सांगलीहून इकडे आलो तेव्हा बारा वर्षांचा होतो. इथल्या शाळेत माझं काही खरं नाही, पण आवाज मी कुणाचाही काढतो. प्रिन्सिपलचा काढला, तेव्हा आठवडाभर घरी होतो.

तर परवा, ट्रिपच्या पहिल्याच दिवशी, आजोबा बुटाची लेस बांधायला थांबले आणि काकू त्यांच्याजवळ थांबल्या. हजेरी सुरू झाली. मी माझा सात म्हटला, काकूंचा दहा कुणाला ऐकू येत नाहीच, आणि मग मी घसा खाकरला. "अं हं... अकरा!"

हजेरी फुल्ल. सगळे पुढे. बऱ्याच वेळानं काकूंनी मागून पळत येऊन काकांची बाही ओढली, तेव्हा कळलं.

सगळे माझ्यावर तुटून पडले. आजोबा एकटेच हसत होते. "माझ्यापेक्षा बरा काढतोस की रे," म्हणाले. काकू नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. दुपारी भांडी घासताना त्यांनी मला विचारलं, हे तू घशातून करतोस की पोटातून? मी म्हटलं, पोटातून. त्यांनी मान हलवली.

बाबा मात्र ओरडले नाहीत. बाबा ओरडले नाहीत की मला खरी भीती वाटते. ते म्हणाले, "मक्या, अजून एक. फक्त एक. की तिकीट काढून सांगलीला मामाकडे."

माझा मामा हेडमास्तर आहे. राहायचं त्याच्या घरी, शिकायचं त्याच्याच शाळेत. मुंबईच्या विमानात बसलेला मी मला दिसायला लागलो.

*

दुसऱ्या दिवशी मी सुतासारखा सरळ. खरंच. मी आणि नितीन कूलर, म्हंजे बर्फाचा डबा, दोन बाजूंनी धरून चालत होतो, त्यामुळे मागं पडलो होतो. आमच्या मागं, वळणापलीकडं, फक्त काकू आणि आजोबा. हजेरी झाली. काका दहा नंबरवर ओरडले, मग मागून नेहमीसारखा अकरा आला. आम्ही चाललो.

पार्किंगला पोचलो तर काकू एकट्या.

काकांनी विचारलं, अण्णा? काकू म्हणाल्या, येतील. काकांनी शिट्टी तोंडात घातली ती काढलीच नाही. तीन, परत तीन, परत तीन. जंगलातून काही नाही. तळ्यावर लून नावाचा पक्षी ओरडला, माणूस रडल्यासारखा, आणि आईनं माझा हात घट्ट धरला.

मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"मी नाही," मी म्हटलं.

"ही डिडन्ट डू इट, डॅड," नितीन म्हणाला. "आय वॉज राइट देअर." पण परकर घालून हिंडलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार.

बाबांनी फक्त मान वळवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला सांगली नको होती, पण त्या क्षणी सांगलीचं पण काही वाटत नव्हतं. उन्हं झाडांच्या शेंड्यावर गेली होती, जंगल खालून काळं पडत होतं आणि आजोबांच्या अंगात नुसता हाफ स्वेटर. काका जंगलखात्याच्या रेंजरला आणायला गाडी घेऊन गेले. बाकीचे ट्रेलवर परत. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाल्या, "तळ्याकडं बघ. ट्रेलवर नको. तळ्याकडंच जा."

मी पळालो. बर्चची पांढरी खोडं, चिखल, डास, परत खोडं. मी सगळ्या आवाजांत हाका मारल्या, काकांच्या, बाबांच्या, शेवटी माझ्याच. आणि एका लाकडी धक्क्यावर आजोबा दिसले. बूट काढून ठेवलेले, पाय पाण्यात. शेजारी एक म्हातारा अमेरिकन गळ टाकून बसलेला. तो इंग्लिशमधून काहीतरी सांगत होता, आजोबा मराठीतून त्याला हो म्हणत होते.

"अरे मक्या, ये," आजोबा म्हणाले. "ह्याची सून पण डेन्टिस्ट आहे बहुतेक."

मी म्हटलं, आजोबा, तुम्ही हरवलात! त्यांनी आजूबाजूला बघितलं. "मी इथंच आहे की," म्हणाले. मग सूर्याकडे बघितलं आणि गडबडीनं बूट घातले. मी खाली बसून त्यांच्या लेस बांधल्या.

*

रेंजरला परत पाठवलं. शेकोटीभोवती सगळे बसले. काकूंनी चहा ओतायला घेतला. काका अण्णांना काही बोलू शकत नव्हते, म्हणून माझ्याकडे वळले. एखादा माणूस मेला असता, म्हणाले. मी परत म्हटलं, मी नाही. काकांनी आजोबांना विचारलं, मग अकरा कोण म्हणालं?

"मला काय माहीत," आजोबा म्हणाले. "मी नव्हतोच तिथं."

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, सोमवारी ट्रॅव्हल एजंटला फोन करतो. वन वे. आई रडायला लागली. नितीन "दॅट्स नॉट फेअर" म्हणाला. मी शेकोटीकडे बघत होतो, धूर लागला असं दाखवत.

तेवढ्यात काकूंनी चहाचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि उभ्या राहिल्या. काही तरी बोलल्या, पण ऐकू आलं नाही.

काका वैतागून म्हणाले, "अगं, जरा मोठ्यानं!"

काकूंनी घसा खाकरला. "अं हं... अकरा!"