कोंबड्या पांढऱ्या करणारा रफीक

रफीक पिंजारी कोणाच्याही घरी गेला की आधी तिथली वस्तू वाजवून बघायचा. माझ्याकडे आला तेव्हा त्याने धान्याची कोठी वाजवली, पाण्याचा ड्रम वाजवला, मग बकरीच्या पाठीवर थाप मारली. बकरीने लाथ घातली. "ठेका हाय याच्यात," तो मांडी चोळत म्हणाला. हे तो सगळ्यांबद्दलच म्हणायचा.

दारव्ह्यात त्याच्या बापाचं गाद्या भरायचं दुकान होतं. बाप गेला, फोमच्या गाद्या आल्या, आणि रफीकने अर्ध्या दुकानात कॉम्प्युटर आणि डीजेचे खोके मांडले. उरलेल्या अर्ध्यात बापाची कापूस पिंजायची धनुकली टांगलेली असे. लग्नसराईत हा डीजे, एरवी पिंजारी.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. मी म्हटलं, फुकट विकण्यापेक्षा अंगाखाली घालू. सरकी काढून कापूस घरी आणला आणि रफीकला आमच्या बंजारा तांड्यावर बोलावलं. त्याने मोबाइल कोनाड्यात ठेवला आणि अंगणात धनुकली सुरू केली. तुंग तुंग तुंग. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघते तर सगळं अंगण कापसाने भरलेलं. मी ओरडले, "रफीक, हात आवर! माह्या कोंबड्या पांढऱ्या होऊन राह्यल्या!"

मोबाइल कोनाड्यात सगळं ऐकत होता, हे मला पुढच्या लग्नसराईत कळलं. एका वरातीत खोक्यांतून तुंग तुंग सुरू झालं, खाली ढोल धडधडू लागला आणि मधेच माझा आवाज आला. सगळी वरात हात वर करून कोंबड्या पांढऱ्या म्हणत नाचू लागली. माझी जाऊ हसता हसता खाली बसली. महिनाभरात ते गाणं प्रत्येक मोबाइलच्या कार्डात गेलं. बाजारात भाजीवाल्यासुद्धा मला कोंबड्यांची तब्येत विचारत.

मी दुकानात जाऊन त्याला झापलं. तांड्यातल्या पोरांसारखा तोही मला याडी, म्हणजे आई, म्हणायचा. "याडी, तुझा आवाज काढला तं गाण्याचा जीवच जाते," तो म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे. त्याने आवाज काढून नवं गाणं केलं आणि मुकाट्याने तेच वाजवू लागला.

ते बिनआवाजाचं गाणं यवतमाळच्या एका डीजेने उचललं आणि आपलं नाव लावून वाजवायला लागला. लोक उलट रफीकलाच चोर म्हणू लागले. लग्नासाठी डीजे ठरवायला आलेले परत जाऊ लागले. एक दिवस तो माझ्या अंगणात येऊन बसला. कोठी शेजारीच होती, पण त्याने तिला हात लावला नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

योगायोगाने आमच्या नात्यातल्या एका लग्नात मुलीकडच्यांनी यवतमाळचा डीजे आणला होता. मी रफीकलाही आपलं सामान घेऊन यायला लावलं. यवतमाळवाला सगळ्यांसमोर सांगत होता की गाणं त्याने स्वतः बनवलं. मी विचारलं, त्यातलं तुंग तुंग कशाचं? तो म्हणाला, कॉम्प्युटरचं.

"रफीक, पहिलं गाणं लाव," मी म्हटलं.

ते लागलं. धनुकली वाजली, माझा आवाज आला. मग मी माइक घेतला आणि त्याच आवाजात तेच वाक्य पुन्हा ओरडले. मांडवात हशा झाला. यवतमाळवाला वायरी गुंडाळायला लागला.

रफीकने जवळ येऊन विचारलं, "याडी, आता आवाज ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "माह्या तोंडून नाव ऐकल्याबिगर लोकं तुले वळखत नाहीत."

गेल्या वर्षी रफीक गेला. छातीत कापूस बसला होता, डॉक्टर काहीही म्हणोत. परवा नातवाच्या लग्नात ते गाणं लागलं. डीजेवरच्या पोराला रफीक कोण हे माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसून ऐकलं. गाण्यात मी अजून त्याला हात आवर म्हणून ओरडते, आणि तो अजून आवरत नाही.