अक्कांच्या खिडकीसमोरचा खोपा

लग्न होऊन घाटनांदुरात आले तेव्हा मला अक्कल थोडी आणि हौस फार. दयाळ पक्ष्याची शीळ लई आवडायची. तो आपल्याच अंगणात राहावा म्हणून मी आंब्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून त्याला घर केलं. भोक पाडलं ते तांब्याच्या तोंडाएवढं. पाहुण्यानं ऐसपैस आत जावं म्हणे! वरून, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबडा रंग फासला. माझ्यासारखंच तेही नवरीवाणी सजलं.

दयाळ फिरकलाच नाही. एवढ्या मोठ्या भोकातून पिंगळा शिरला, छोटं घुबडच ते, आणि डोळे वटारून बसला. थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या अक्कांनी, सारी गल्ली गोळा केली. "धाकटीनं घरात अवदसा आणली!" पिंगळ्याला हुसकलं, खोकं फोडलं आणि फळ्या आंघोळीच्या बंबात घातल्या. त्याच पाण्यानं मी रडत रडत आंघोळ केली. येडी कुठली! पाणी मात्र झकास कढत होतं.

तो बंब माझ्या पोटात अजून विझलेला नाही.

यंदा अक्कांनी त्यांच्या वाटणीच्या खोलीला नव्या काचेची खिडकी बसवली. आतून अंगण दिसतं, बाहेरून नुसता आरसा. "असली काच गावात कुणाकडं न्हाई," हे मला येता-जाता ऐकवलं. मी हसले. दयाळाला काचेत स्वतःचं रूप दिसलं की तो दुसरा नर समजून भांडतो. आमच्या मोटारसायकलच्या आरशाशी त्याची कुस्ती मी कधीची बघत होते.

जुन्या दाराच्या कडुलिंबाच्या फळीचं नवं खोकं केलं. भोक माझ्या बांगडीच्या मापाचं. रंग नाही. तळाला पाणी निथळायला छिद्रं, वर उतरतं छप्पर. टांगलं माझ्याच भिंतीला, सावलीत. पण बरोब्बर त्या खिडकीसमोर.

जोडी आली. मादीनं आत काड्या रचल्या आणि नर उजाडल्यापासून काचेवर तुटून पडला. शीळ, टकटक, आणि काचेवरून ओघळलेल्या पांढऱ्या रेघा.

अक्का फडकं घेऊनच बाहेर आल्या. "कावून आमच्याच खिडकीला येतंय गं हे?"

"काचेत भाऊबंद दिसतो त्याला. भाऊबंदकी पाखरांतबी हाय, अक्का."

"काढ ते खोकं."

"आत अंडी हायेत. पाप लागंल. पिल्लं उडाली की काढते."

अक्का कबूल झाल्या. पिल्लं उडाली की ही जोडी त्याच खोप्यात पुन्हा अंडी घालते, हे मी काही बोलले नाही. त्या काच पुसायला लागल्या आणि मी बंब पेटवायला गेले.