लाईनमधले जिजाजी

आयुष्यभर घोड्यांच्या धंद्यात राहून एकदाही घोड्यावर न बसलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या घरी जावई म्हणून आला. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. तर बाईचे यजमान ते माझे जिजाजी. अंगकाठी इतकी बेताची की घोडीच्या पलीकडे उभे राहिले तर अलीकडून फक्त फेट्याचा तुरा दिसायचा, आणि आवाज इतका खणखणीत की वरातीतले बँडवालेसुद्धा त्यांचं बोलणं संपायची वाट पाहायचे. नवरदेवाला घोडीवर चढवायचं आणि लगाम धरून वधूच्या मांडवापर्यंत न्यायचं, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. तुम्ही स्वतः का बसत नाही, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. "घोडीवर नवरदेव बसते. मालक पायी चालते. मालकच वर बसला त घोडीले पुढं का हाय ते कोन सांगन?"

जिजाजींचं गाव सौंदडजवळचं. दोन वीत खणलं की पाणी लागावं असा हा धानाचा मुलूख, इथे घोड्याचं काय काम? इथे चिखलणीला हल्ये लागतात, म्हणजे रेडे. लग्नाआधी त्यांच्या वडिलांनी त्यांना बाजारात हल्यांची जोडी आणायला धाडलं होतं. संध्याकाळी हे परतले ते एक पांढरी घोडी घेऊन. वडिलांनी घोडीभोवती एक फेरी मारली, तिचे बारीक पाय पाहिले आणि विचारलं, "हे चिखल करन का?" जिजाजी म्हणाले, "नाही बाबा. हे लगन लावन." त्या वर्षीची चिखलणी शेजाऱ्याच्या हल्यांनी झाली आणि बापलेकांचं बोलणं थेट दिवाळीला सुरू झालं. पण 'धंदा' हा शब्द जिजाजींना तेव्हापासून खपत नसे. "धंदा पानठेलेवाला करते. मी लाईनमंधी आहो." हा 'लाईन' शब्द नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर वाचणारा दमेल. घरात आमची झाडी बोली बोलणारा हा माणूस घोडीशी मात्र कटाक्षाने हिंदी बोलायचा. "चलो बेटा, आगे देखो, फटाका है, डरना नहीं." बाई म्हणायची, "माह्यासंग एवढं गोड एक दिवस बोलले नाहीत." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "तुले मराठी समजते न." लग्नाची सुपारी घेऊन कुणी आलं की मुहूर्त, गाव, अंतर हे सगळं नंतर, पहिला प्रश्न नवरदेवाचं वजन किती. आमगावच्या एका धिप्पाड नवरदेवाला त्यांनी परत धाडलं आणि वर सल्ला दिला, "भाऊ, तू ट्रॅक्टर पाह्य." वर चढलेल्या नवरदेवाच्या हातून लगाम हळूच काढून घेताना ते दर वेळी एकच वाक्य म्हणत. "सोड गा बापा, आता सवय कर." वऱ्हाडी हसत, आणि नवरदेवाच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरत असे.

घोड्यांचा गोठा त्यांनी मुद्दाम रेल्वेच्या रुळांना लागून बांधला होता. सौंदड स्टेशन सोडलं की डाव्या हाताला त्यांचं घर आणि गोठा दिसतो. गाडीची वेळ झाली की हातातला घास टाकून ते गोठ्यात पळत, घोडीची मान धरून उभे राहत आणि मालगाडी धडधडत जाईपर्यंत तिच्याशी बोलत राहत. "जे घोडी मालगाडीले भेत नाही, ते बँडले का भेन?" असा त्यांचा हिशेब. नवी घोडी पहिला महिनाभर थरथरायची. मग एक दिवस कान टवकारून नुसती पाहायची, आणि त्या दिवशी जिजाजी बाईला गोड शिरा करायला सांगायचे.

तर, आमच्या बाबांनी स्थळ पाहिलं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव नागऱ्याजवळचं. गोंदिया जंक्शन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे 'लाईन' म्हणजे रेल्वे, दुसरा अर्थच नाही. मुलगा लाईनवर आहे म्हटलं की मुलीचा बाप निम्मा होकार तिथेच देतो. पक्की नोकरी, वर घरच्यांना फुकट प्रवासाची पास. मध्यस्थाने सांगितलं, "पोरगा लाईनमंधी आहे." बाबा सौंदडला गेले तर घर रुळांना लागून. बाबांना ते क्वार्टरच वाटलं असावं. चहा घेता घेता बाबांनी विचारलं, काम कसं असते? जिजाजी म्हणाले, "सिझनमंधी रात न् दिवस ड्युटी रायते. आज सालेकसा, उद्या डोंगरगड, परवा कुठी, सांगता येत नाही." तेवढ्यात गाडीची शिट्टी ऐकू आली. "मले जावं लागते, गाडीचा टाईम झाला," म्हणून ते उठून पळाले. कामाला एवढा पक्का मुलगा बाबांनी आजवर पाहिला नव्हता. गोठ्यातली पांढरी घोडी त्यांना दिसली होती, पण ती शेजाऱ्याची असेल असं त्यांनी धरून चाललं. घरी येऊन आईला म्हणाले, "पोरीनं नशीब काढलं."

लग्नाला वरात आली. पुढे बँड, मागे घोडी, घोडीवर कुणी नाही आणि बाशिंग बांधलेला नवरदेव स्वतः लगाम धरून पायी. दुसऱ्या कुणाच्या हातात घोडी द्यायला ते तयारच नव्हते. बाबांना वाटलं, आजकालच्या मुलांची हौस. मांडवात जावयाला खुर्चीवर बसवून त्यांनी मायेने विचारलं, "जवाईबापू, पास कितीक जनाची भेटते?" जिजाजी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मामाजी, घोडीवर एकच जन बसते."

बाबा उठले आणि मांडवाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले. आई रडायच्या बेतात. मी तेव्हा शाळकरी. मला फक्त एवढंच कळलं की काहीतरी भलतंच झालंय. तेवढ्यात हळदीच्या अंगाने बाई तिथे आली. "बाबा," ती म्हणाली, "ते झूट बोलले का? नाही न. लाईन म्हटलं, लाईनच आहे. आता त्यायले हे कधी समजू देऊ नोका. मानूस माह्या लगनात घोडीवर नाही बसला, घोडीले सांभाळून आनली. मले तसाच मानूस पाह्यजे." आणि ती परत जाऊन बसली. गोष्ट आमच्या घरातच राहिली.

जिजाजी मात्र जन्मभर फुशारकी मारत राहिले. "लोकं पोरगी देतेत नोकरी पाहून, जमीन पाहून. आमच्या मामाजीनं माही लाईन पाहून देली." हे वाक्य त्यांनी प्रत्येक नातेवाइकाच्या लग्नात म्हटलं, आणि प्रत्येक वेळी बाई खाली मान घालून पदराशी चाळा करत बसायची. लग्नानंतर आलेल्या घोडीचं नाव त्यांनी 'मेल' ठेवलं आणि तिच्यानंतरचीचं 'पॅसेंजर'. ही दुसरी दर चौकात थांबायची म्हणून पॅसेंजर, असं आम्ही धरून चाललो. बाबांची मात्र त्याने मोठी सोय झाली. गोंदिया स्टेशनच्या बाकावर म्हाताऱ्यांची बैठक भरायची, तिथे कुणी जावयाबद्दल विचारलं की बाबा छाती फुगवून म्हणायचे, "पॅसेंजर चालवतात." शब्दही खोटा नाही. बाबा गेले तेही जावई लाईनमध्ये असल्याच्या समाधानात.

मग दिवस पालटले. नवरदेव छत उघडणाऱ्या मोटारीतून उभे राहून यायला लागले, कुणी बुलेटवर, कुणी चक्क जेसीबीच्या पंज्यात बसून. मेल म्हातारी होऊन गेली. पॅसेंजर एकटी उरली, तीही पोक्त. सिझन आला की जिजाजी तिची झूल उन्हात घालायचे, तुरा नीट करायचे आणि वाट पाहायचे. नवरदेव कुणी येत नसे. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाई आणि घोडी, एवढाच संसार. नातेवाईक बाईला म्हणत, समजाव त्यांना, तांदळाच्या मिलवर मुकादमी मिळेल. मी गोंदियात मास्तरीण झाले होते, मला जास्तच अक्कल होती. एकदा चिडून बाईला म्हटलं, "सांगून टाक त्यायले. बाबानं लाईन पाहून नाही देली म्हनून. डोकं ठिकान्यावर येईन." बाई माझ्यावर कधी रागावली नव्हती, त्या दिवशी रागावली. "त्या एका गोष्टीवर तो मानूस उभा आहे. अन् तू तेच काढून घेतं म्हनतेस? माह्या मागंही सांगजो नोको. शपथ आहे तुले."

तिच्या मागे, हे ती का म्हणाली ते मला नंतर उमगलं. पोटाचं दुखणं तिने फार दिवस अंगावर काढलं होतं. नागपूरला नेलं, परत आणलं, आणि मोहाची फुलं पडायला लागली त्या सुमाराला ती गेली. शेवटल्या दिवसांत गाडीची वेळ झाली तरी जिजाजी तिच्या उशाशीच बसून असत. बाईच हाताने खुणावायची, जा, पॅसेंजर एकटी आहे.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सौंदडला गेले ती एक गोष्ट ठरवूनच. जिजाजींना गोंदियाला घेऊन यायचं आणि घोडीची कुठेतरी सोय लावायची. दुपारी ते गोठ्यात पॅसेंजरची मान पुसत होते. मी म्हटलं, "जिजाजी, आता पुरे झालं. कोनासाठी करून राहिले हे?" शपथ आठवून मी तेवढ्यावरच थांबले. पण माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मास्तरीन, तुले जे बोलाचं आहे न, ते मले मांडवातच समजलं होतं. मामाजीनं पास इचारली तेवाच."

मी घोडीच्या अलीकडे येऊन उभी राहिले.

"मंग जन्मभर चूप काऊन राहिले?"

"तुही बाई पाहे न माह्याकडं," ते म्हणाले. "तिले वाटे, मले समजलं नाही. समजलं असं सांगतलं असतं त तिले लाज वाटली असती, का बापानं चुकीनं देली. मी म्हटलं, आपन उलट बोलू. मामाजीनं लाईन पाहून देली, लाईन पाहून देली. रोज बोललो त तिलेही खरं वाटन. अन् वाटत होतं, मले मालूम आहे."

"आन् घोडीचं नाव?"

"मामाजीले टेशनावर लोकं इचारत. झूट बोलनं त्यायले जमत नोतं. म्हटलं, नावच तसं ठेवून देवाव."

मग मी शपथ मोडली. म्हटलं, बाईला ते कधीच खरं वाटलं नाही, बाबांची चूक तिला पक्की ठाऊक होती. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तिने आम्हा सगळ्यांची तोंडं शिवली होती, शेवटपर्यंत. जिजाजींचा हात घोडीच्या मानेवर थांबला. ते घोडीच्या पलीकडे गेले. मला अलीकडून ते दिसेनात, आता फेट्याचा तुराही नव्हता. मग तिकडूनच आवाज आला. "मी ठरवलं होतं, म्हातारं झालो का एक दिवस सांगीन तिले. दोघं बसून हासू म्हटलं. एक डाव हासाचं होतं, वो. तेवढं राहून गेलं."

गोंदियाला येण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. संध्याकाळच्या गाडीने निघाले. पूर्वी मी निघाले की दोघंही रुळांजवळ येऊन उभे राहायचे. जिजाजी एका हाताने घोडी धरून, आणि बाई घोडीच्या दुसऱ्या बाजूला, पदर हलवत. गाडीने सौंदड सोडलं. शेजारच्या सीटवरच्या एका अनोळखी प्रवासिणीने विचारलं, "इथं कोन रायते तुमचं?"

"जिजाजी."

"का करतेत?"

"लाईनमंधी आहेत," मी म्हटलं. "पॅसेंजर चालवतात."

"अरे वा. म्हंजे आज ड्युटीवर असतीन?"

मी खिडकीतून डावीकडे पाहिलं. जिजाजी घोडीची मान धरून उभे होते. म्हातारी पॅसेंजर आता कुठल्याच गाडीला भीत नाही, तिला धरायची गरज नव्हती. तिच्या दुसऱ्या बाजूची जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली होती.

"हो," मी म्हटलं. "ड्युटीवरच आहेत."